‘येतो’ म्हणण्याचा परवाना

आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहानपणी चुकून ‘जातो’ असे तोंडून निघाले की आई उंबऱ्याशीच अडवून शब्द बदलून घेत असे. त्या वयात हा शकुन-अपशकुनाचा भाग वाटे. पुढे पासष्टी ओलांडल्यावर एका परक्या देशाकडे हाच शब्द लेखी मागावा लागला, त्यासाठी शुल्क भरावे लागले, बोटांचे ठसे द्यावे लागले, तेव्हा आईच्या आग्रहाचा अर्थ वेगळ्या रीतीने कळला. जाणाऱ्याला परत येता येईलच असे नसते. म्हणूनच तो ‘येतो’ म्हणतो.

धुळ्यात देवपूर भागात संध्याकाळी फिरायला निघालो की कुलूप लागलेली चार-दोन घरे हमखास दिसतात. मुले आधी पुण्याला गेली, मग अमेरिकेला. तिथे नागरिक झाली आणि आईवडिलांसाठी त्यांनी अर्ज केला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला आपल्या आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी बोलावता येते. भावाबहिणींच्या बाबतीत रांग दशकांची आहे, आईवडिलांना मात्र वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत ग्रीन कार्ड घरात येते, पेढे वाटले जातात आणि पुढचा प्रश्न कुणीही विचारत नाही. कायमचे वास्तव्य म्हणजे नेमके कुठले?

आमच्याकडेही असेच झाले. मी इथल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलगा न्यू जर्सीत आहे. २०१६ साली आम्हा दोघांची कार्डे आली. आमची समजूत अशी, की हा दहा वर्षांचा पास आहे. उन्हाळ्यात तिकडे जावे, दिवाळीच्या आत धुळ्याला यावे, आईला भेटावे, घराची साफसफाई करावी, बँकेची कामे उरकावीत आणि पुन्हा उन्हाळ्याची वाट पाहावी. आमच्या ओळखीतली बहुतेक मंडळी हेच करीत होती आणि आजही करतात.

दोन वर्षांनी विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने पत्नीला विचारले, ‘तुम्ही राहता कुठे?’ तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘धुळ्याला.’ मी घाईघाईने मुलाचा पत्ता सांगितला. अधिकाऱ्याने आमच्याकडे पाहिले, पारपत्रांवरचे शिक्के मोजले आणि बजावले, की हे कार्ड इथे राहणाऱ्यांसाठी आहे, भेटीला येणाऱ्यांसाठी नाही. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मला राग आला तो पत्नीच्या उत्तराचा. ते खरे होते, म्हणूनच आला.

इथे कायदा थोडक्यात सांगायला हवा, कारण त्याबद्दल आपल्याकडे कट्ट्यावर फार चुकीचे सांगितले जाते. वर्षाच्या आतल्या गैरहजेरीनंतर परतताना ग्रीन कार्ड प्रवासाचा कागद म्हणून चालते. पण १८० दिवसांपेक्षा अधिक काळ सलग बाहेर राहिले तर परतणाऱ्याकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येते. ‘सहा महिन्यांतून एकदा पाय लावून आले की झाले’ हा समज मात्र खोटा आहे. प्रश्न केवळ दिवसांचा नसतो, इराद्याचा असतो. घर कुठे, कर कुठे भरता, कुटुंब कुठे, बाहेर जाणे कशासाठी आणि ते कधी संपणार, हे सारे पाहिले जाते. वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहायचे असेल तर आधीच पुनर्प्रवेश परवाना, म्हणजे ‘रि-एन्ट्री परमिट’, काढावा लागतो. त्याचा अर्ज आय-१३१ या नमुन्यात असतो आणि तो भरताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. धुळ्यात बसून तो पाठवता येत नाही. अर्जानंतर काही आठवड्यांनी ठसे देण्याचे बोलावणे येते, तेही तिथेच. परवाना हाती यायला पुढे कित्येक महिने लागतात. मात्र तो परदेशातल्या अमेरिकी वकिलातीत पाठवावा अशी सोय अर्जातच मागता येते. मुदत साधारण दोन वर्षांची, ती वाढवून मिळत नाही. नवा हवा असेल तर पुन्हा तिथे जाऊन नवा अर्ज. आणि गेल्या पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे बाहेर काढली असतील तर साधारणपणे एकाच वर्षाचा परवाना मिळतो.

या परवान्याने काय होत नाही, हे तर कुणी सांगतच नाही. हा परवाना प्रवेशाची हमी देत नाही. केवळ गैरहजेरी लांबली एवढ्या कारणावरून वास्तव्य सोडले असे धरले जाऊ नये, इतकाच त्याचा उपयोग. नागरिकत्वासाठी लागणारे पाच वर्षांचे सलग वास्तव्य त्याने राखले जात नाही, वर्षभर बाहेर राहिले की ते तुटते. पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्यात पैसे भरून शिरायचे तर तिथेही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. आणि कार्ड आहे तोवर जगभरातले उत्पन्न अमेरिकी करविवरणात दाखवावे लागते. त्यात आपले निवृत्तिवेतन आले आणि इथल्या ठेवींवरचे व्याजही आले. परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम वर्षात कधीही असली तर तिचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. धुळ्याच्या किती ग्रीन कार्डधारक आजी-आजोबांना हे ठाऊक आहे? मला तीन वर्षे ठाऊक नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही दोघांनी परवान्यासाठी अर्ज केले. दर माणशी ६६० डॉलर लागले (१ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात हा आकडा ६३० झाला). आई तेव्हा एक्याण्णव वर्षांची होती आणि धुळ्याला बहिणीजवळ होती. अर्ज गेल्यानंतर दहा-बारा दिवसांनी बहिणीचा दूरध्वनी आला, की आईने जेवण सोडले आहे. ठशांची तारीख अजून आली नव्हती. ठसे न देता निघालो तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता. शुल्क जाईल, परवाना जाईल, आणि मग आईच्या उशाशी किती दिवस बसता येईल याचाच हिशेब करावा लागेल. आईजवळ निर्धास्तपणे राहता यावे म्हणूनच तर परवाना हवा होता! ‘थोडे थांबू या’ असे मी म्हटले. पत्नी म्हणाली, ‘तुम्ही निघा, कार्डाचे काय व्हायचे ते होऊ द्या.’ मी थांबलो. ठशांच्या तारखेच्या आठ दिवस आधी आई गेली. अग्नी भाच्याने दिला. मी तो दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला.

यात त्या कार्यालयाचा दोष नव्हता. तारीख नेहमीच्या वेळेत आली होती. तातडीच्या कारणासाठी लवकर ठसे देण्याची विनंती करता येते, किंवा निघून जाऊन ठशांसाठी परत येता येते, हे मी विचारलेच नाही. थांबण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. परत येण्याचा हक्क जपण्याच्या नादात मी परत जाण्याची वेळ घालवली. हे इतक्या उघडपणे लिहितो आहे, कारण या गावात आज कुणीतरी अशाच तारखेची वाट पाहत असेल.

असा परवाना ही काही आजची कल्पना नाही. अमेरिकेत तो १९२४ च्या स्थलांतर कायद्याने आला, आणि त्याच कायद्याने आशियाई माणसाला स्थायिक होण्याची दारे जवळजवळ बंद केली. त्याआधीची एक कथा तर प्रत्येक परवानाधारकाने वाचावी अशी आहे. चे चान पिंग नावाचा एक चिनी मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ मध्ये तो मायदेशी भेटीला निघाला, तेव्हा कायद्याप्रमाणे परत येण्याचे प्रमाणपत्र त्याने सोबत घेतले होते. परतीचे जहाज समुद्रात असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नव्या कायद्याने अशी सारी प्रमाणपत्रे रद्द झाली. आठवड्याभरात जहाज बंदराला लागले. त्याला उतरू दिले नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १८८९ मध्ये हरला. आपल्या देशात कुणाला घ्यायचे हे ठरवण्याचा सरकारचा अधिकार असल्या प्रमाणपत्राने बांधला जात नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पुढे १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभरांचा कोटा आला आणि १९६५ च्या कायद्याने दार खऱ्या अर्थाने उघडले. आपली मुले त्याच दारातून गेली. पण सरकारचा तो अधिकार आजही शाबूत आहे.

मात्र यावर अमेरिकेला बोल लावून मोकळे होण्याआधी आपण आपल्या अंगणातही पाहावे. साक्री रोडवरच्या कुमारनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती आहे, जळगावातही सिंधी कॉलनी आहे. फाळणीच्या दंगलीत सीमेपलीकडे गेलेली पुष्कळ माणसे १९४८ मध्ये परत येऊ लागली, तेव्हा भारत सरकारने त्या वर्षीच्या जुलैमध्ये वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. थोड्या दिवसांसाठीचा परवाना वेगळा, कायमच्या परतीचा वेगळा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदात ‘पुनर्वसनासाठी किंवा कायमचे परत येण्यासाठी दिलेल्या परवान्या’चा उल्लेख आजही आहे. नागरिक कोण, हे ठरवताना परतीच्या कागदाला थेट घटनेत जागा द्यावी लागली, इतकी ती वेळ अवघड होती. जो घाबरून गेला आणि थोड्याच महिन्यांत आपल्या घरी परतला, त्याचा ‘येतो’ खरा की ‘जातो’ खरा, याचा निवाडा अधिकाऱ्याच्या टेबलावर होऊ लागला.

आणि हे सारे १९४८ मध्येच संपले असेही नाही. नंतरच्या काळात सिंधमधून आलेली, अजून नागरिकत्व न मिळालेली जी माणसे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, त्यांना तिकडे भेटीला जायचे तर ‘भारतात परत येण्यास हरकत नाही’ अशी नोंद पारपत्रावर घ्यावी लागते. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात, म्हणून हेलपाटे तिथे. आमच्या ओळखीचे एक कापड दुकानदार आहेत. त्यांच्या भावजयीचे माहेर सक्करला. माहेरी आजारपण निघाले की सगळ्यात आधी या नोंदीची चौकशी. मी माझ्या ठशांची हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘सर, तुमचे बरे आहे. तिकडचे दार लागले तर तुम्ही धुळ्यात राहाल. आमच्या वहिनीचे दार लागले तर ती कुठे राहील?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे नाके बंद झाले आणि वैध नोंदीवर पलीकडे गेलेल्यांनी १ मेच्या आत परतावे असे जाहीर झाले, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. त्या आठवड्यात सरकारपुढे सुरक्षेचा प्रश्न होताच, तो कुणी नाकारणार नाही. पण आजारी आईच्या उशाशी बसलेल्या बाईला ‘इतक्या तारखेच्या आत नीघ’ म्हणणे म्हणजे काय, हे मला आता पुस्तकातून वाचावे लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. कुठल्याही देशाला आपल्या दारात कोण येते हे पाहण्याचा हक्क आहे. परंतु ज्याला एकदा ‘राहा’ म्हटले, त्याला आजारपण, मरण, बाळंतपण अशा कारणांसाठी जाऊन येण्याची वाट सोपी, ठरलेल्या वेळात मिळणारी आणि मध्येच न पुसली जाणारी असावी. ठसे एकदा घेतलेले असताना म्हाताऱ्या माणसाला पुन्हा त्यासाठी खोळंबून ठेवण्यात कुठल्या देशाचे संरक्षण होते? वकिलातीत ठसे घेण्याची सोय असतेच, मग तिथेच हा अर्ज का घेऊ नये? आणि धुळे-जळगावच्या त्या कुटुंबांच्या बाबतीत, वैध नोंदीवर गेलेल्या माणसाचे परतणे सीमेच्या हवामानावर अवलंबून ठेवू नये. अमेरिकेकडून आपण जे मागतो, ते देण्याची आपली तयारी असली पाहिजे.

पण सरकारांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आमचा परवाना मुंबईच्या वकिलातीतून आम्ही घेतला. त्याची मुदत जून २०२१ मध्ये संपली. मध्ये करोना आला. मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबली ती मार्च २०२२ अखेर पूर्ववत झाली. परवाना संपल्यावर परतण्यासाठी एक वाट उरते. वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागायचा. त्यासाठी परत जाण्याचा इरादा कायम होता आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी लांबला, हे दाखवावे लागते. मुलाने सांगितले, करोनाचे कारण लिहा. अर्ज समोर घेऊन मी बसलो. आम्ही मार्च २०१९ मध्ये आलो होतो. विमाने थांबली त्यानंतर वर्षाने. त्या वर्षात आम्ही घराला रंग दिला होता, आईचे वर्षश्राद्ध केले होते, अंगणात दोन लिंबाची झाडे लावली होती. हाताबाहेरचे कारण कुठले लिहायचे? आयुष्यभर मुलांना खोटे लिहू नका म्हणून सांगितले, त्या हाताने ते लिहवेना. आम्ही आय-४०७ हा वास्तव्य सोडल्याचा नमुना भरला आणि टपालाने पाठवून दिला. मुलगा दुखावला. महिनाभर तो नीट बोलला नाही. ‘मी तुमच्यासाठी एवढे केले,’ असे तो म्हणाला, आणि तेही खरेच होते. आता भेटीच्या व्हिसावर जातो. त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच त्या काळात वर्षाहून अधिक लागले. २०२४ मध्ये गेलो, तीन महिने राहिलो, परत आलो. नातवंडांशी खेळण्यात काही कमी पडले नाही.

माझा मार्ग सर्वांनी घ्यावा असे मी म्हणत नाही. ज्यांना मुलाजवळच राहायचे आहे, इथे मागे कुणी उरले नाही, त्यांनी कार्ड जरूर ठेवावे, वास्तव्य तिकडेच करावे, कर भरावा, आणि शेतीचा वाद, आजारपण, घरविक्री अशा मुदत असलेल्या कामासाठी यायचे झाल्यास वेळेत परवाना काढावा. असल्या कामांसाठीच तो आहे. त्यांच्यासाठी एक गोष्ट आणखी. विमानतळावर आय-४०७ वर सही करण्याचा आग्रह झाला तर घाबरून सही करू नये. मार्च २०२५ मध्ये वयस्कर भारतीयांवर असा दबाव आल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या होत्या. ती सही स्वेच्छेची असते. तो दर्जा तिथल्या तिथे काढून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही, इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, आणि वास्तव्य सोडले हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. आम्ही सही केली ती धुळ्यात, आपल्या टेबलाशी, चहा घेऊन झाल्यावर. सही अशीच व्हावी.

पण ज्यांचे मन इथे आहे, त्यांनी परवान्यामागून परवाना काढून स्वतःला आणि सरकारला फसवू नये. आणि मुलांना एक विनंती. अर्ज भरण्याआधी आईवडिलांना समोर बसवून विचारा, आणि दोघांना वेगवेगळे विचारा. आमच्याकडे मुलाने मला विचारले, मी ‘हो’ म्हटले, आणि पत्नीला कुणीच विचारले नाही. तिचे उत्तर पहिल्यांदा ऐकले ते विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्याने.

येत्या मे महिन्यात पुन्हा जायचे आहे. लिंबाला पाणी घालायला शेजारी सांगून ठेवले आहे, किल्ली त्यांच्याकडेच राहील. परतीचे तिकीट ऑगस्टचे काढले आहे.